गल्लीत काँक्रीट रस्ता मंजूर झालाय, पण तो उंबऱ्याच्या वर जाणार. कामाआधी काय काय करून घ्यायचं?

प्रश्न: उंबरठा_सांगली

नमस्कार. सांगलीत सखल भागात, काळ्या जमिनीवर आमची गल्ली आहे. लांबी साधारण १२० मीटर, रस्ता ४ मीटर, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा घरं. 'सिमेंट काँक्रीट रस्ता व दोन्ही बाजूस आरसीसी गटर करणे' असं काम महापालिकेनं मंजूर केलंय आणि ठेकेदाराची माणसं येऊन टेप लावून गेली.

रस्ता होतोय याचा आनंदच आहे. काळजी उंचीची आहे. गेल्या काही वर्षांत डांबरावर डांबर चढत गेलं. जुन्या बसक्या घरांचा उंबरा आता रस्त्यापेक्षा जेमतेम तीन बोटं वर राहिलाय. वळवाचा किंवा परतीचा पाऊस अर्धा तास जोरात झाला की दोन-तीन घरांत पाणी शिरतं. माप घ्यायला आलेला मुलगा म्हणाला, "आहे त्याच्यावरच सहा इंच पडणार." असं झालं तर निम्मी गल्ली पावसाळाभर पाण्यात राहील. या घरांत वयस्कर माणसं एकटी राहतात, रात्री पाणी आलं तर त्यांनी काय करायचं?

रस्ता नको म्हणायचं नाही. मग नेमकी मागणी काय करायची, कुणाकडे, आणि काम चालू असताना कशावर लक्ष ठेवायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

उत्तर: जोतं_पातळी

ताई, मागणी एकच करायची: रस्त्याची तयार पातळी कामाआधी कागदावर आली पाहिजे आणि ती सगळ्यात खालच्या उंबऱ्यावरून ठरली पाहिजे. "रस्ता उंच करू नका" एवढंच तोंडी म्हटलं तर समोरचा "नाही करत" म्हणतो आणि तिथंच विषय संपतो. आकडा लिहिलेला असला की तो मोजता येतो.

आधी तुमच्या पातळ्या तुम्हीच काढा. महागडं यंत्र लागत नाही, गवंड्याचा लेव्हल पाईप पुरतो. अर्धा इंची पारदर्शक नळी १५-२० मीटर घ्या, पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका (एक बुडबुडा राहिला तरी दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो), आणि एक टोक कधीही न हलणाऱ्या जागेवर धरा. देवळाची दगडी पायरी, जुन्या टाकीचा चौथरा, काहीही चालेल. त्या जागेला १००.०० मीटर माना. मग प्रत्येक घराचा उंबरा, दर दहा मीटरवर रस्त्याचा मध्य आणि दोन्ही कडा, आणि गल्लीच्या तोंडाशी जिथं पाणी जातं त्या गटाराचा तळ, अशा पातळ्या वहीत लिहा. नळी पुरली नाही तर मधे भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून तिथून पुढे न्यायचं.

आता हिशोब. समजा सगळ्यात खालचा उंबरा १००.१५ आहे आणि आजच्या रस्त्याचा मध्य १००.१०. खाली १० सेंमी साधं काँक्रीट आणि वर १५ सेंमी स्लॅब हे आहे त्या रस्त्यावर टाकलं तर रस्ता १००.३५ वर जातो, म्हणजे उंबऱ्याच्या २० सेंमी वर. नुसता सहा इंची स्लॅब टाकला तरी १० सेंमी वर. हे टाळायचं तर रस्त्याची कड उंबऱ्याच्या किमान १५ सेंमी खाली, म्हणजे १००.०० वर हवी. काँक्रीटला २ टक्के बाक (मधून कडेकडे उतार) देतात. ४ मीटर रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंमी होतो, म्हणून मध्य १००.०४. त्याखाली स्लॅब १५, साधं काँक्रीट १० आणि दबाई केलेला मुरूम-खडीचा थर २०, एकूण ४५ सेंमी. म्हणजे ९९.५९ पर्यंत खोदाई लागणार, आजच्या रस्त्यापासून सरासरी अर्धा मीटर खाली.

काळ्या मातीत ही खोदाई उंचीपुरतीच नाही, रस्ता टिकण्यासाठीही लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा थर न देता स्लॅब टाकला की पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच मधोमध लांब तडा जातो. माती फारच मऊ लागली तर मुरमाचा थर २० वरून ३० सेंमी करावा लागेल. पण तो खाली वाढवायचा, वर नाही.

दुसरी गोष्ट गटाराची, आणि ती रस्त्याहून महत्त्वाची. अंदाजपत्रकात गटाराचं आतलं माप काय धरलंय ते बघा. ३० बाय ३० सेंमी असेल तर हरकत घ्या. कारण मी पुढे सांगतो, पण आधी तुमच्या तोंडाशी असलेल्या गटाराच्या तळाची पातळी कळू द्या. त्याशिवाय बोलणं हवेतलं होईल.

---

उत्तर: साईटवरचा_माणूस

वर दादांनी पातळी बरोबर सांगितली. आता घोडं कुठं पेंड खातं ते सांगतो.

अंदाजपत्रकात खोदाईची बाब नसेल तर ठेकेदार खोदणार नाही. त्याला त्याचे पैसेच मिळणार नाहीत, तो का खोदेल? म्हणून सगळ्यात आधी बघायचं की 'जुना डांबरी पृष्ठभाग व खडी उखडणे', 'खोदाई' आणि 'निघालेला माल वाहून नेणे' या तिन्ही बाबी आहेत का आणि किती घनमीटरच्या. तुमच्या गल्लीत १२० × ४ × ०.५० म्हणजे २४० घनमीटर निघतात. ब्रासमध्ये जागेवरचे ८५, आणि उकरल्यावर माल फुगतो म्हणून गाडीत भरताना ११०च्या आसपास. अंदाजपत्रकात ४०-५० घनमीटर लिहिले असतील तर तो आकडा फक्त गटाराच्या चरीचा आहे, रस्त्याचा नाही हे ओळखा. अशा वेळी अतिरिक्त बाब मंजूर करून घ्यावी लागते. ती काम सुरू व्हायच्या आधी होते. सुरू झाल्यावर सगळे हात वर करतात.

वाहून नेण्याची बाब का बघायची? ती नसली की उकरलेला माल कडेला पसरतो, घरांच्या दारात भराव होतो आणि पाणी पुन्हा आतच वळतं.

खोदाईच्या वेळी नळाचे आणि ड्रेनेजचे पाईप तुटतात, हे धरूनच चाला. काँक्रीट पडायच्या आधी हे करून घ्या: गल्लीतली पाण्याची लाईन जुनी, गंजकी असेल तर आधी ती बदलायची. भुयारी गटार योजनेत तुमची गल्ली येते का ते विचारायचं. येत असेल तर आधी ती लाईन, मग रस्ता. पाण्याची मुख्य लाईन ज्या बाजूला आहे तिच्या समोरच्या अकरा घरांसाठी रस्त्याखालून ११० मिमीचा रिकामा पीव्हीसी पाईप आडवा टाकून ठेवा, प्रत्येक घराला एक. रस्ता आणि दोन्ही गटारं मिळून साडेपाच मीटर होतात, म्हणजे सहा मीटरचा एक पाईप एका घराला पुरतो. उद्या कनेक्शन बदलायचं झालं तर नळी त्यातून सरकवायची, रस्ता फोडायचा नाही. हा पाईप गटाराच्या तळाखालून न्या. गटाराच्या पोटातून आडवा गेला की त्याला पिशव्या, कापडं, नारळाच्या शेंड्या अडकतात आणि गटार तिथंच तुंबतं. सांगलीत बहुतेक गल्ल्यांत उघड्या गटारात वाकून बघा, अशी तीन-चार नळकनेक्शनं आडवी दिसतीलच.

काँक्रीटच्या दिवशी काय बघायचं:

साचे म्हणून लोखंडी चॅनेल लावतात. दोन्ही बाजूंच्या चॅनेलवरून दोरी ताणा आणि खाली टेपनं मोजा. दर दोन-तीन मीटरवर १५ सेंमी भरलं पाहिजे. कडेला १५ आणि मधे खालचा थर फुगीर राहिल्यामुळे १०, ही नेहमीची गोम आहे. बाकाचे ४ सेंमी धरून मोजा, म्हणजे कडेला १५ आणि मधे दोरीखाली ११. खालच्या थरावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला हवा, नाहीतर खालचं कोरडं काँक्रीट वरच्याचं पाणी शोषतं.

स्लॅबचं एकूण काँक्रीट १२० × ४ × ०.१५ म्हणजे ७२ घनमीटर. ६ घनमीटरच्या मिक्सर गाड्या असतील तर बारा. गाडीबरोबर चलन असतं. त्यावर काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड (एम-३०), किती घनमीटर आणि प्लँटवरून निघाल्याची वेळ असते. चलनाचा मोबाईलवर फोटो घ्या. नऊ गाड्यांत गल्ली संपली तर जाडी कुठेतरी खाल्ली गेली.

गाडीत साईटवर पाणी मारू देऊ नका. माल घट्ट झाला, घरंगळत नाही म्हणून ड्रममध्ये पाईप सोडतात. त्यानं काम सोपं होतं पण ताकद जाते, आणि दोन पावसाळ्यांत वरचा पोपडा निघून खडी दिसायला लागते. व्हायब्रेटर चालू आहे का बघा. नुसत्या फावड्यानं आणि पट्टीनं ओढलेलं काँक्रीट आत पोकळ राहतं.

सांधे दर ४ मीटरवर कापायचे, खोली स्लॅबच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी म्हणजे ५ सेंमी. काँक्रीट पडल्यापासून २४ तासांच्या आत कटर चालला पाहिजे. उन्हाळ्यात त्याहून लवकर. "चार दिवसांनी मशीन येणार आहे" असं म्हणाले तर समजायचं, तोवर काँक्रीटनं स्वतःच वेडेवाकडे सांधे पाडलेले असतील. कापलेले सांधे साफ करून डांबर किंवा सीलंटनं भरायचे, नाहीतर त्यातून पाणी खालच्या काळ्या मातीत मुरतं.

पाणी मारणं किमान १४ दिवस. मातीचे छोटे बांध घालून पाणी तुंबवून ठेवलेलं सगळ्यात चांगलं, गोणपाट टाकलं तर ते ओलं राहिलं पाहिजे. इथं गल्लीचीही जबाबदारी आहे. दुसऱ्याच दिवशी आपल्याच पोरांनी गाड्या घातल्या तर दोष कुणाला देणार? चारचाकी आणि टेम्पो २८ दिवस बाहेरच.

---

उत्तर: आवक_क्रमांक

वरच्या दोघांचं तांत्रिक बरोबर आहे. आता कागद.

पहिला अर्ज शहर अभियंत्यांच्या नावे, प्रत प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना आणि तुमच्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना, एकालाच नाही. अर्जावर प्रत्येक घराची सही आणि घरपट्टीच्या पावतीवरचा मालमत्ता क्रमांक. नुसत्या सह्यांना "कोण आहेत हे" म्हणता येतं, मालमत्ता क्रमांकाला नाही. आवक विभागात देऊन शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं निवेदन म्हणजे अर्ज नव्हे.

अर्जात तक्रारीची भाषा नको, मागणीची हवी. नमुना देतो, हवा तसा बदला:

"विषय: काँक्रीट रस्ता व गटर कामापूर्वी संयुक्त पाहणी करून तयार पातळी निश्चित करणेबाबत. आमच्या गल्लीतील सर्वांत खालच्या उंबऱ्याची पातळी व सध्याच्या रस्त्याची पातळी सोबतच्या तक्त्यात दिली आहे. सध्याच्या पृष्ठभागावर थेट काँक्रीट केल्यास रस्ता उंबऱ्याच्या वर जाऊन पावसाचे पाणी घरांत शिरणार आहे. तरी (एक) रस्त्याच्या कडेची तयार पातळी सर्वांत खालच्या उंबऱ्यापासून किमान १५ सेंमी खाली ठेवावी, (दोन) त्यासाठी आवश्यक खोदाई व माल वाहतुकीच्या बाबींचा अंदाजपत्रकात समावेश करावा, (तीन) गटाराचा उभा छेद, तळपातळी व विसर्गाचे ठिकाण दर्शवणारा नकाशा आम्हांस दाखवावा, (चार) वरील बाबी निश्चित होईपर्यंत काँक्रीटचे काम सुरू करू नये."

सोबत तुमच्या पातळ्यांचा तक्ता आणि पाणी साचलेले फोटो. फोटोत घराचा क्रमांक दिसला पाहिजे.

संयुक्त पाहणीला कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि गल्लीतले तीन-चारजण. त्या दिवशी ठरलेली पातळी दोन-तीन भिंतींवर लाल रंगाच्या रेघेनं मारून घ्या आणि पाहणीची टिपणी लिहून सगळ्यांच्या सह्या. रेघ पक्क्या भिंतीवर मारा. पाडणार असलेल्या कुंपणावर नको.

कागद मिळवायचे ते असे. निविदा ऑनलाईन निघाली असेल तर राज्य शासनाच्या महाटेंडर संकेतस्थळावर बाबींची यादी आणि प्रमाण बघता येतं. खोदाई आहे की नाही हे तिथंच कळेल. बाकी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: मंजूर अंदाजपत्रक, मोजमापाचा तपशील, उभा छेद, कार्यारंभ आदेश, निविदेतल्या अटी आणि दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर किती काळ दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची). उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तोवर काम उरकलेलं असू शकतं. म्हणून अर्ज टाकून बसू नका, प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन फाईल दाखवायला सांगा. बऱ्याचदा कनिष्ठ अभियंते दाखवतात, त्यांनाही नंतरचा वाद नको असतो.

फार जणांना माहीत नसतं की माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं, कायद्याच्या व्याख्येतच आहे. काम चालू असताना हाच अर्ज जास्त उपयोगी. काँक्रीटच्या ठोकळ्यांचे (ताकद तपासायला साच्यात भरलेल्या नमुन्यांचे) अहवालही मागा. ७२ घनमीटरला किमान पाच नमुने होतात आणि एका नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे २८ दिवसांच्या तपासणीचे १५. ते साईटवर भरले जाताना बघा, त्यावर तारीख आणि कामाचं नाव कोरून घ्या. ठोकळे भलत्याच मालाचे असतील तर अहवालाला काही अर्थ नाही.

उत्तर आलंच नाही तर महापालिकेचा लोकशाही दिन, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि आधी संबंधित विभागाकडे अर्ज केल्याचा पुरावा लागतो. तिथं तो आवक क्रमांक कामी येतो.

---

उत्तर: पेव्हरवाला_मिरज

काँक्रीटच का? अंतर्गत गल्लीला पेव्हिंग ब्लॉक घाला. पाईप फुटला तर चार ब्लॉक काढायचे, दुरुस्ती करायची, परत बसवायचे. रस्ता फोडायचा प्रश्न येत नाही आणि उंचीही कमी.

---

उत्तर: साईटवरचा_माणूस

पेव्हर वाईट नाही, पण उंची कमी होत नाही. ८० मिमीचा ब्लॉक, खाली कच, त्याखाली दाबलेला खडीचा थर, सगळं मिळून तेवढंच खोदावं लागतं. काळ्या मातीत खालचा थर नीट नसेल तर पेव्हर सगळ्यात आधी खचतो, ट्रॅक्टरच्या चाकाखाली तर लगेच. शिवाय काम मंजूर झालंय काँक्रीटचं. कामाचा प्रकार बदलायचा म्हणजे नव्यानं अंदाजपत्रक आणि नव्यानं मान्यता, त्यात हे आर्थिक वर्ष निघून जाईल. त्यापेक्षा गटार आणि कुंपण यांच्यामध्ये जी पट्टी उरते तिथं पेव्हर मागा. झाडं असतील तर बुंध्याभोवती चारी बाजूंनी एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगा.

---

प्रश्नकर्ती: उंबरठा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. गल्लीतल्या मुलांनी लेव्हल पाईप धरून पातळ्या काढल्या. देवळाची पायरी १००.०० धरली. सगळ्यात खालचा उंबरा १००.१५ आला, रस्त्याचा मध्य १००.०८ ते १००.१२. म्हणजे जोतं_पातळी यांनी धरलेलेच आकडे जवळपास.

तोंडाशी मोठं गटार आहे, ते पुढे पाईपमोरीतून (पाणी पलीकडे नेणारा मोठा पाईप) जातं. त्याचा तळ ९९.३० आला. पण हा तळ गाळाचा आहे. लोखंडी सळई खुपसली तर आणखी ३५ सेंमी आत गेली आणि मग टणक लागलं. मोरीचा पाईपही निम्मा गाळात आहे.

महाटेंडरवर बघितलं. गटार ३० बाय ३०च धरलंय. खोदाई ६० घनमीटर.

---

उत्तर: जोतं_पातळी

ताई, ही सळई खुपसलीत ते फार चांगलं केलंत. सगळा प्रश्न त्या ३५ सेंमी गाळात आहे.

आधी गटारात किती पाणी येणार ते बघू. तुमची गल्ली आणि तिच्यात उतरणारा वरचा भाग मिळून एक हेक्टर धरा. बहुतेक छपरं आणि काँक्रीट, म्हणजे ८० टक्के पाणी वाहून येतं. तासाला ५० मिमी वेगाचा पाऊस धरला, आणि परतीचा पाऊस थोडा वेळ का होईना तेवढा पडतो, तर सेकंदाला १११ लिटर. दोन गटारांत वाटून प्रत्येकी ५६ लिटर.

३० बाय ३० गटार स्वच्छ असेल आणि उतार ३०० ला १ (३०० मीटरला १ मीटर) असेल, तर ते सेकंदाला सुमारे ७५ लिटर वाहतं. कागदावर पास. पण निम्मं गाळानं भरलं की ३१ लिटर. नापास. सांगलीतलं कुठलं गटार पावसाळ्याच्या मध्यावर निम्मं भरलेलं नसतं? ४५ बाय ४५ गटार त्याच उतारावर स्वच्छ असताना २२० लिटर आणि निम्मं भरलेलं असताना ९१ लिटर वाहतं. म्हणून ४५ बाय ४५ मागा. रस्त्याखाली भूसंपादनाचा प्रश्न नाही, फक्त खोदाई आणि काँक्रीट थोडं वाढतं.

आता तळपातळी. रस्त्याची कड १००.००, गटारावर १० सेंमीचं झाकण, आत ४५ सेंमी. म्हणजे वरच्या टोकाला तळ ९९.४५. १२० मीटरवर ३०० ला १ उतार दिला तर ४० सेंमी खाली, खालच्या टोकाला ९९.०५. तुमच्या तोंडाशी गाळ ९९.३० वर आहे. म्हणजे नवं गटार गाळाच्या २५ सेंमी खाली निघणार आणि त्यात बारा महिने पाणी उभं राहणार, डास होणार. ठेकेदार हे टाळायला काय करेल? तळ उचलून ९९.३० ला आणेल. मग उतार राहतो १२० मीटरला १५ सेंमी, ८०० ला १. त्या उतारावर ४५ चं गटार निम्मं भरलं की बरोबर ५६ लिटरवर येतं, हातात काहीच उरत नाही. आणि ३० चं गटार तसंच उतरवलं तर ते स्वच्छ असतानाही काठोकाठ.

गाळ काढला तर टणक तळ ९८.९५ आहे. मग ९९.०५ ला गटार १० सेंमी वर सुटतं आणि ३०० चा उतार मिळतो. म्हणून तुमच्या अर्जात पाचवी मागणी घाला: तोंडाशी असलेलं गटार आणि पाईपमोरी टणक तळापर्यंत साफ केल्यावरच गल्लीतल्या गटाराचं काम सुरू करावं. आणि सहावी: गटार खालच्या टोकापासून वर बांधत यावं. वरून सुरू केलं की शेवटी तळ जुळत नाही, मग शेवटच्या दहा मीटरमध्ये उलटा उतार देऊन काम संपवतात. या पद्धतीत गटाराची आतली खोली वरच्या टोकाला ४५ आणि खालच्या टोकाला ८५ सेंमी होते, अंदाजपत्रकात एकच खोली लिहून चालणार नाही. झाकणं दर तीन-चार मीटरवर उचलता येतील अशी हवीत. सलग स्लॅब ओतला तर गाळ काढणार कुठून?

खोदाई ६० घनमीटर म्हणजे फक्त चर, हे साईटवाल्या भाऊंनी आधीच सांगितलंय. २४० रस्त्याचे आणि गटाराचे वेगळे.

---

उत्तर: आवक_क्रमांक

जोडून एक. गाळ काढणं हे वेगळ्या विभागाचं काम असू शकतं, आरोग्य किंवा ड्रेनेज. शहर अभियंता "ते आमच्याकडे नाही" म्हणू शकतात. म्हणून त्याच दिवशी दुसरा, एका विषयाचा स्वतंत्र अर्ज त्या विभागाला द्या आणि पहिल्या अर्जात त्याचा आवक क्रमांक लिहा. एकाच अर्जात दोन विभागांची कामं घातली की तो अर्ज दोन्हीकडे फिरत राहतो.

---

उत्तर: नदीकाठ

वरचं सगळं पावसाच्या पाण्याबद्दल आहे, कृष्णेच्या पुराबद्दल नाही. हे दोन्ही वेगळे ठेवा. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा गटार ३० चं आहे की ४५ चं याला काही अर्थ नव्हता. पण त्याआधीचा टप्पा महत्त्वाचा आहे. नदी चढत असताना नाल्याचं पाणी मागे फुगतं आणि गटारांतून उलटं येतं. तुमच्या तोंडाशी पाईपमोरी आहे तिथं असं होत असेल तर गटाराच्या टोकाला एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवता येते. बिजागरी साफ ठेवावी लागते, एक चप्पल अडकली तरी ती बंद होत नाही.

घरांपुरतं एक सांगतो. उंबऱ्यावर विटांचा बांध घालून पाणी अडवता येईल असं वाटतं, पण खालच्या घरांत पाणी दारातून येण्याआधी बाथरूमच्या जाळीतून वर येतं. बाहेरच्या चेंबरमधली पाण्याची पातळी फरशीपेक्षा वर गेली की नहाणी ट्रॅप ते रोखू शकत नाही. त्या दोन-तीन घरांच्या ड्रेनेज पाईपवर, चेंबरच्या आधी, ११० मिमीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. रस्ता उकरलेला असेल तेव्हाच हे काम सोपं आणि स्वस्त पडतं. व्हॉल्व्हवर उघडता येणारं झाकण ठेवा, कारण वर्षातून एकदा, मे महिन्यात, तो काढून धुवायला लागतो. आणि व्हॉल्व्ह बंद असताना घरातलंही पाणी बाहेर जात नाही. त्या वेळात मोरीत बादल्या ओतू नका, हे घरातल्या वयस्कर माणसांना नीट समजावून सांगा.

---

प्रश्नकर्ती: उंबरठा_सांगली

दोन्ही अर्ज तयार केले, बावीस घरांच्या सह्या आणि मालमत्ता क्रमांक घेतोय. एकच शंका. संयुक्त पाहणीच्या आधीच जेसीबी आला तर?

---

उत्तर: साईटवरचा_माणूस

जेसीबी खोदायला आला तर अडवू नका, खोदाई तुम्हाला हवीच आहे. ती ९९.५९ पर्यंत जातेय का तेवढं मोजा, म्हणजे देवळाच्या पायरीपासून ४१ सेंमी खाली. न खोदता चॅनेल लावायला सुरुवात झाली, तर त्याच दिवशी चॅनेलच्या वरच्या कडेची पातळी घ्या. स्लॅबचा माथा तिथंच येणार असतो. ती पायरीच्या वर निघाली तर तक्ता आणि फोटो घेऊन लगेच प्रभाग कार्यालयात जा. चॅनेल काढून खाली बसवायला एक सकाळ लागते. काँक्रीट पडल्यावर ते कुणी काढत नाही.